पगार वेळेवर, बस दारात. मग सोमवार नकोसा का?

प्रश्न (पत्र लांब होतं, संक्षेपाने देत आहोत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) :

माझं वय ३७. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात अकरा वर्षं आहे. डिप्लोमा करून इन्स्पेक्टर म्हणून लागले, आता सीनियर इंजिनिअर आहे. पगार सात तारखेच्या आत जमा होतो, मोशीत घराजवळ कंपनीची बस येते, कॅन्टीन बरं आहे, दिवाळीला बोनस मिळतो. शेजारच्या शेडमध्ये ठेकेदारीवर राबणारी मुलं पाहिली की वाटतं, आपल्याला तक्रार करायचा हक्कच नाही. तरी गेलं दीड वर्ष रविवारी दुपारची झोप झाली की पोटात गोळा येतो.

दीड वर्षापूर्वी नवे साहेब आले. माणूस वाईट नाही, आवाज चढवून बोलत नाहीत. पण आता कुठलाही लॉट होल्ड करायचा, म्हणजे शंका आलेला माल टॅग लावून अडवायचा, तर आधी त्यांना फोन करायचा. ते मीटिंगमध्ये असले तर तोवर माल पुढे जात राहतो. पूर्वी मी टॅग लावला की प्रॉडक्शनवाले कुरकुर करायचे, पण माल हलत नसे. (माझ्या एका होल्डमुळे डिस्पॅच चुकला होता आणि स्पेशल गाडी करून माल पाठवावा लागला होता, पण त्यात चूक कोणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे.) आता दिवस एक्सेल भरण्यात जातो. नव्या मुलींना गेज (माप तपासायचं साधन) धरायला शिकवते तेव्हाच काय तो वेळ कसा गेला कळत नाही. त्यात भर म्हणून, बाहेरून आलेल्या एका ज्युनियर मुलाचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे हे मला चुकून कळलं.

नवरा म्हणतो, "नोकरी म्हणजे नोकरी. मजा यावी म्हणून कोणी पगार देतं का?" सासूबाई म्हणतात, घराचे हप्ते फिटेपर्यंत तोंड मिटून राहा. रांजणगावच्या एका कंपनीने तीस टक्के वाढ देऊ केली आहे, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. त्यांची बस मोशीपर्यंत येत नाही. मुलगा सातवीत आहे. जाऊ का? की माझ्या स्वभावातच खोट आहे?

उत्तर :

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण तो डोक्यात ठेवून पुढचं वाचलंत तर त्यातलं काही पोचणार नाही. खोट स्वभावात असती तर आधीची साडेनऊ वर्षं ती कुठे दडून बसली होती? तुम्हीच लिहिलंय की त्रास दीड वर्षाचा आहे. या काळात कंपनीत काहीतरी बदललं. काय बदललं, ते तुमच्या पत्रात आहे, फक्त तुम्ही ते इतर दहा गोष्टींच्या गर्दीत उभं केलंय.

पत्रातल्या जमेच्या बाजूला काय आहे पाहा: पगार, बस, कॅन्टीन, बोनस. नावे बाजूला: टॅग, फोन, एक्सेल. जमेची प्रत्येक गोष्ट कामाभोवतीची आहे आणि नावेची प्रत्येक गोष्ट थेट कामातली. तुम्ही मात्र दीड वर्ष पहिल्या यादीतून दुसरी वळती करायला बघताय. बस मिळते ना, मग टॅगचं एवढं काय, असं स्वतःला समजावताय, आणि तरी हिशोब लागत नाही म्हणून स्वतःवरच चिडताय.

तो लागणार नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच विषयावर आहे. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन प्रसंग सांगायला लावले: कामावर फार बरं वाटलं तो, आणि फार वाईट वाटलं तो. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, वरिष्ठांची पद्धत, पगार, कामाची जागा हे विषय जास्त आले. चांगल्या प्रसंगांत काम पार पाडल्याचं समाधान, कोणीतरी घेतलेली दखल, खुद्द काम, अंगावर आलेली जबाबदारी. त्याचं म्हणणं असं की पहिल्या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या तर फक्त नाराजी जाते. समाधान यायचं असेल तर ते दुसऱ्या गोष्टींतूनच येतं. त्याच्यावर नंतर टीकाही झाली. लोक चांगल्याचं श्रेय स्वतःला आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतात, मग अशा आठवणींवरून काय सिद्ध होतं, असं अनेकांनी विचारलं. मलाही ही वाटणी जरा जास्तच नीटनेटकी वाटते. पगार हा नुसता पैसा नसतो, दखलही असते, आणि त्याकडे आपण येणारच आहोत. पण तुमच्या पत्रापुरतं त्याचं म्हणणं चपखल बसतं. तुमच्याकडे नाराजी थोपवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. ज्यातून समाधान मिळत होतं ती गोष्ट गेली आहे.

ती कोणती, हे क्वालिटीत काम न केलेल्या वाचकांसाठी सांगते. भागाच्या मापाबद्दल शंका आली की तो लॉट बाजूला काढून त्यावर होल्डचा टॅग लावतात, बहुतेक ठिकाणी पिवळा. भागाचा नंबर, नग किती, कारण, तारीख, वेळ आणि खाली लावणाऱ्याची सही. निकाल लागेपर्यंत तो माल जागचा हलवायचा नाही. रात्रपाळीला, महिनाअखेरीला, ट्रक गेटवर उभा असताना, प्रॉडक्शनचा सुपरवायझर डोक्यावर उभा असताना तो टॅग लावायचा आणि लावलेला टिकवायचा यासाठी मापं वाचता येणं पुरत नाही, हिंमत लागते. तुम्ही इन्स्पेक्टर होतात तेव्हापासून हे करत आलात. आता टॅग तोच आहे, सहीही तुमचीच आहे, पण निर्णय फोनवरून होतो, आणि फोन लागेपर्यंत माल पुढे जातो. उद्या ग्राहकाकडून तक्रार आली तर कागदावर नाव कोणाचं निघेल? तुमचंच. जबाबदारी तुमच्याकडे राहिली आणि अधिकार गेला. पोटातला गोळा इथला आहे, असं माझं मत आहे.

याला नाजूकपणा म्हणू नका. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून एक दीर्घ अभ्यास सुरू आहे, व्हाइटहॉल नावाने तो ओळखला जातो. मायकल मार्मट यांनी तो उभा केला. ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाबद्दलचे निर्णय कमी होते त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. "डोक्यात घेऊ नकोस" हा सल्ला का लागू पडत नाही, ते कळावं म्हणून सांगते.

तुमच्या मिस्टरांच्या वाक्याबद्दल. त्यांच्याशी वाद घालायचा असेल तर अमेरिका-इंग्लंडला जायची गरज नाही, परळ-भायखळ्यापर्यंत गेलं तरी पुरतं. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या पाच होत्या. रविवारची पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा जायबंदी झाला तर त्याची सोय. या पाचांत "पगार वाढवा" ही मागणी नाही. ज्यांचं पोट अक्षरशः हातावर होतं त्या लोकांनाही मजुरीच्या आकड्याखेरीज मागायला इतकं काही होतं. रविवार मिळायला १८९० उजाडलं. त्याच रविवारची दुपार आज तुमच्या हातून जाते आहे.

मिस्टरांचं एक खरं आहे, मजेचं वचन कोणी दिलेलं नसतं. पण तुम्ही मजा मागतच नाही आहात. मला वाटतं "नोकरीत मन लागत नाही" हे वाक्य ऐकलं की त्यांना हप्ते दिसतात. त्यांना मोघम सांगण्याऐवजी एक प्रसंग सांगा: अमुक दिवशी अमुक लॉट, मी थांबवायला हवा होता, थांबवता आला नाही, सही माझी आहे. मशीनवर, दुकानात, ऑफिसात, कुठेही काम केलेल्या माणसाला हे कळतं.

आता जरा अडचणीचं विचारते. पत्रात तुम्ही एक वाक्य कंसात टाकलंय: होल्डमुळे डिस्पॅच चुकला, स्पेशल गाडी करावी लागली, चूक कोणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना म्हणजे कोणाला? साहेब तेव्हा होते का? नसतील, तर त्यांनी कंपनीत पाऊल टाकल्यावर ही गोष्ट कोणाच्या तोंडून ऐकली असेल? प्रॉडक्शनच्या, बहुधा. आणि ते असताना घडली असेल, तर स्पेशल गाडीचं बिल वरच्या मीटिंगमध्ये कोणापुढे सरकवलं गेलं असेल? नवीन आलेल्या माणसाने अशा वेळी सगळे निर्णय स्वतःच्या फोनवर ओढून घेणं ही भीती असू शकते, तुमच्यावरचा अविश्वास असेलच असं नाही. हा माझा अंदाज आहे. पण "साहेबांना माझी किंमत नाही" असं तुम्हाला वाटत असेल, तर तोही अंदाजच आहे, कारण दीड वर्षात तुम्ही त्यांना एकदाही विचारल्याचं पत्रात दिसत नाही. आवाज न चढवणाऱ्या माणसाला विचारता येतं. अनेक वाचकांच्या नशिबी तेवढंही नसतं.

विचारायला जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. भावना लिहू नका, नोंदी लिहा: तारीख, भाग, शंका काय होती, फोन किती वाजता केला, उत्तर किती वाजता आलं, तोवर किती नग पुढे गेले, शेवटी तुमची शंका खरी निघाली का. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. तुम्ही अडवायला निघालेले काही लॉट चांगले निघाले असतील तर तेही लिहा. त्या रकान्यामुळेच साहेब बाकीच्या वहीवर विश्वास ठेवतील.

मग वेळ मागून भेटा, चालता चालता नको. आणि "माझा अधिकार परत द्या" असं म्हणू नका. तसं म्हटलं की त्यांना आपण हरतोय असं वाटेल. मागणं एकच, छोटं ठेवा: "शंका असताना आणि तुमचा फोन लागत नसताना माल थांबेल, जाणार नाही." आज नेमकं उलटं चाललंय. फोन त्यांनाच करायचा, अंतिम निकाल त्यांचाच, फक्त मधल्या वेळेत मालाने काय करायचं एवढा नियम फिरवून घ्यायचा. शक्य झालं तर एक पायरी पुढे जा: "सुरक्षेशी संबंधित मापं सुटली तर मी थांबवते आणि पंधरा मिनिटांत तुम्हाला कळवते, ओरखडा, डाग असल्या दिसण्यातल्या दोषांसाठी तुमची वाट पाहते. तीन महिने करून बघू, वही दर आठवड्याला तुमच्या टेबलावर." असं बोललात तर साहेबांना नाही म्हणायला कारण उरत नाही, आणि तरीही नाही म्हणाले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

तुमच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे, ती माहीत असू द्या. वाहन उद्योगाला थेट माल देणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे आयएटीएफ १६९४९ या गुणवत्तेच्या मानकाचं प्रमाणपत्र असतं. त्याच्या कलम ५.३.२ मध्ये सांगितलंय की मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना माल पाठवणं आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि अशी जबाबदार व्यक्ती प्रत्येक शिफ्टला असली पाहिजे. तुमची प्रत क्वालिटीच्याच कपाटात असेल. पण ते कलम घेऊन भांडायला जाऊ नका. "ऑडिटला काय दाखवणार?" असा सूर लागला की पुढचं सगळं बोलणं संपलं. "आपलं मानकही हेच सांगतं, साहेब, ऑडिटलाही सोपं जाईल" एवढं पुरे.

त्याच भेटीत आणखी एक मागा, आणि ते मिळण्याची शक्यता जास्त आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात एकच आनंदाचं वाक्य आहे, नव्या मुलींना गेज धरायला शिकवण्याचं. ते सध्या तुम्ही मधल्या वेळात, कोणाच्या हिशोबात न येता करता. ते अधिकृत करून घ्या: नव्या इन्स्पेक्टरांचं प्रशिक्षण आणि स्किल मॅट्रिक्स (कोणाला कोणतं काम येतं याचा तक्ता) तुमच्या नावावर, आठवड्यातले ठरावीक तास, आणि त्या बदल्यात एक्सेलच्या दोन-तीन शीट दुसऱ्या कोणाकडे. त्यातली एखादी शीट कोणी उघडूनही बघत नसेल. अशी शीट प्रत्येक कंपनीत असते.

पगाराचं मुद्दाम वेगळं ठेवलंय, कारण तुम्हीही ते वेगळ्या भेटीत काढावं असं मला वाटतं. बाहेरून आलेल्या ज्युनियरचा आकडा कळल्यावर जे लागलं त्याची लाज वाटून घेऊ नका. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार एका वेबसाइटवर उघड होते. काही संशोधकांनी त्यांतल्या निवडक लोकांना त्या साइटची माहिती कळवली आणि मग त्यांना प्रश्न विचारले. डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. आपल्या बरोबरीच्यांत आपण खालच्या अर्ध्यात आहोत हे ज्यांना कळलं त्यांचं समाधान घटलं आणि ते दुसरी नोकरी शोधण्याचा विचार जास्त करू लागले. वरच्या अर्ध्यातल्यांना कळून विशेष आनंद झाला नाही. म्हणजे झळ फक्त एकाच बाजूला बसते.

मात्र त्या मुलाने तुमचं काही घेतलेलं नाही, आणि कंपनीनेही बहुधा ठरवून केलेलं नाही. बाहेरून माणूस घेताना बाजारभाव द्यावा लागतो. आतल्या माणसाची वाढ त्याच्या जुन्या पगारावर टक्क्यांनी होते. अकरा वर्षं एकाच जागी राहिलं की दोन्हींत अंतर पडतंच. तेव्हा त्याचं नाव काढू नका, "मला कळलंय" असंही नको. माझ्या अनुभवाच्या माणसाला आज बाजारात काय मिळतं आणि मला काय मिळतं, एवढंच अप्रेझलच्या दोन महिने आधी एचआरपुढे लेखी मांडा. रांजणगावची ऑफर इथे धमकी म्हणून वापरायची नाही, पण बाजारभावाचा आकडा आता तुम्हाला नक्की माहीत आहे, एवढा तिचा उपयोग आहेच. एक सावधगिरी: तुम्ही निघताय हे कळल्यावर कंपनीने पगार वाढवून दिला आणि होल्डचं जसंच्या तसं ठेवलं, तर थोडे महिने बरे जातील आणि रविवार पुन्हा तसाच येईल.

आता रांजणगाव. तीस टक्के मोठा आकडा आहे आणि हप्ते चालू असताना पैशांकडे नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्यातून आधी जाणं-येणं वजा करा. आज बस घरापाशी येते. उद्या चाकण-शिक्रापूर रस्त्याने स्वतःची गाडी किंवा कोणाबरोबर भागीत, आणि तो रस्ता कंटेनर-ट्रेलरचा आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या घरोघरच्या माहितीवरून दाखवलं होतं की लांबचा प्रवास करणाऱ्यांचं एकूण समाधान कमी असतं, आणि पगार किंवा घराच्या रूपाने त्याची पुरती भरपाई होताना दिसत नाही. लोक प्रवासाचा त्रास कमी धरतात. सातवीतल्या मुलाच्या शाळेच्या दिवसात रोजचे जास्तीचे दीड-दोन तास कुठून निघणार, हे कागदावर मांडा. आणि एकदा तरी कामाच्या दिवशी, शिफ्टच्या वेळेला तो रस्ता करून पाहा. रविवारी सहज जाऊन आल्यावर काही कळत नाही.

गेलात की आणखी दोन गोष्टी करा. शॉप फ्लोअर बघायची परवानगी मागा. सीनियर माणसाला बहुतेक देतात. बाकी काही नाही पाहिलंत तरी रिजेक्शनची जाळी, म्हणजे नापास माल ठेवायची जागा, पाहा: तिला कुलूप आहे का, आणि चावी कोणाकडे असते हे विचारा. चावी प्रॉडक्शनच्या सुपरवायझरच्या खिशात असेल तर तिथेही तुमच्या टॅगचं तेच होणार. ज्यांना तुम्ही रिपोर्ट करणार त्यांना विचारा: शेवटचा मोठा होल्ड कोणी लावला आणि कोणी सोडवला? या जागेवर आधी कोण होतं, ते का गेलं? उत्तर देताना त्यांना प्रसंग आठवला तर चांगलं. "आमच्याकडे क्वालिटीला पूर्ण स्वातंत्र्य आहे" एवढंच म्हणाले तर अजून थोडं खोदा. दुसरी गोष्ट, शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पंधरा मिनिटं उभ्या राहा. इंटरव्ह्यूत न कळलेलं बरंच तिथे कळतं.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. बँकेत काउंटरवर बसून विमा खपवायचं टार्गेट असेल, शाळेत शिकवण्यापेक्षा ऑनलाइन माहिती भरण्यात दिवस जात असेल, वॉर्डात दोन नर्सच्या जागी एकच असेल, तरी प्रश्न हाच विचारून पाहा: सोयीसुविधा बाजूला ठेवल्या तर माझ्या कामातली नेमकी कोणती गोष्ट, कधीपासून गेली? उत्तर एका वाक्यात देता आलं तर त्याबद्दल कोणाशी तरी बोलता येतं. "वातावरणच खराब आहे" याबद्दल कोणाशीच काही बोलता येत नाही.

पण वही आणि शांत बोलणी हा उपाय सगळ्यांसाठी नाही. पगार अडवला जातोय, चारचौघांत अपमान होतोय, अशा जागी साहेबांची भीती समजून घेत बसू नका. पुरावे जपा आणि बाहेरचा रस्ता शोधा. लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. आणि ताई, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, छातीत धडधड होत असेल, तर नोकरीचा निर्णय थोडा लांबवा पण डॉक्टरांना आधी भेटा. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं.

मग जायचं की नाही? माझा कौल असा: आधी साहेबांशी बोला, मग रांजणगावला उत्तर द्या. वहीला दोन आठवडे लागतील, महिनाअखेर जवळ आली असेल तर त्यांच्याकडे आठवडा वाढवून मागा. अकरा वर्षांचा अनुभव असलेला क्वालिटीचा माणूस हवा असणारी कंपनी आठवडाभर थांबते. मधल्या वेळेत मालाने थांबायचं, एवढं जरी इथे मान्य झालं, तर मी तीस टक्क्यांसाठी ती बस सोडणार नाही. साफ नकार आला आणि रांजणगावची चावी योग्य माणसाच्या हातात असली, तर रस्ता लांब असूनही जा, निदान घराजवळ कोणाबरोबर गाडीची सोय लागेपर्यंत ओढाताण होईल हे घरात आधी बोलून. दोन्हीकडे नन्नाच असेल तर चाकण, भोसरी, तळेगाव पट्ट्यात अजून शोधा. नोकरी हातात असताना शोधायला घाई नसते.

सासूबाईंचा सल्ला अर्धा घ्या. तोंड मिटू नका, पण हप्ते लक्षात ठेवा. तुमची नोटीस किती दिवसांची आहे ते नेमणूक पत्रात पाहा, आणि रांजणगावची रुजू व्हायची तारीख त्यात बसते का ते बघा. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झालीय, म्हणजे राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते, साधारण हिशोब असा: शेवटचा बेसिक अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. आकडा आजच काढून ठेवा, घरात बोलताना उपयोगी पडेल. पीएफ काढू नका, नव्या खात्यावर वळवून घ्या. रांजणगावचं नेमणूक पत्र हातात, त्यात हुद्दा, पगाराची फोड आणि रिपोर्टिंग कोणाला हे लिहिलेलं. राजीनाम्याचा मेल त्यानंतर.